व्हायरस काढला की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर – नेमका कुठे दडून बसलाय?

पिंपळपान (धागाकर्ती)

घरच्या संगणकाने आठवडाभर जीव नकोसा केलाय, म्हणून हा धागा. विंडोज ११ आहे, मशीन चार वर्षांचं. वापरणारे तिघं: मी, बाबा आणि सध्या आमच्याकडे राहायला आलेला माझा भाचा. तिघांचं लॉगिन एकच.

लक्षणं सांगते. काहीही उघडलेलं नसताना पंखा घरघरत राहतो. कोणता प्रोग्राम चालू आहे ते बघावं म्हणून टास्क मॅनेजर उघडला की दोन-तीन सेकंदांत पंखा शांत. तो बंद करून उठले की पुन्हा घरघर. क्रोममध्ये काही शोधलं तर वर क्षणभर भलताच पत्ता दिसतो आणि मग निकाल येतात. मेनूत सगळ्यात खाली 'हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो' अशी ओळ आली आहे. घरच्या संगणकाला संस्था कुठून आली? शिवाय लॉगिन केल्या केल्या एक काळी खिडकी डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच येऊन जाते.

तीन वेळा स्कॅन लावला. पहिल्या वेळी दोन गोष्टी सापडल्या, काढल्या, सगळं छान चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मग दुसरं एक स्कॅनर आणलं, त्यालाही एक फाइल सापडली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आईचे सगळे फोटो याच मशीनवर आहेत आणि त्यांची दुसरी प्रत नाही. आई आता नाही, त्यामुळे ते फोटो जाऊन चालणारच नाही. काय करू?

प्रतिसाद १ – कळफलक

सगळ्यात आधी इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा, केबल असेल तर उपटा. संगणक चालू असला तरी चालेल, जोडलेला नको. हा धागा फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून वाचत राहा. या संगणकावरून बँक, मेल, खरेदी, काहीही उघडू नका. पासवर्ड बदलायची घाई झाली असेल तर तेही याच्यावर करू नका. का ते पुढे सांगतो.

फोटोंची काळजी करू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं फायली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसची नाहीत. फोटो जागेवर आहेत, ते आपण नीट बाहेर काढू.

आता लक्षणांकडे. टास्क मॅनेजर उघडल्यावर शांत होणं ही मोठी खूण आहे. तुमच्या प्रोसेसरवर स्वतःसाठी क्रिप्टो नाणी काढणारे प्रोग्राम असे वागतात. टास्क मॅनेजर चालू झालाय का यावर ते नजर ठेवतात आणि तो दिसला की स्वतःला थांबवतात. म्हणजे आत काहीतरी आहे हे नक्की.

पण माझ्या मते खरा धागा त्या काळ्या खिडकीत आहे. स्कॅनरने जे काढलं तो माल होता. माल आणून टाकणारा वेगळा आहे, आणि तो लॉगिनच्या वेळी उठतो. त्याला शोधल्याशिवाय दहा स्कॅन लावलेत तरी अकराव्या दिवशी हेच होणार.

त्यासाठी दुसऱ्या संगणकावरून 'ऑटोरन्स' उतरवून पेनड्राइव्हवर आणा. सिसइंटर्नल्स या संचातलं हे छोटं साधन आहे, मोफत आहे आणि इन्स्टॉल करावं लागत नाही. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतलं, त्यामुळे ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या, इतर कुठूनही नको. विंडोज सुरू होताना आपोआप उठणारी प्रत्येक गोष्ट ते एका यादीत दाखवतं: रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातल्या) 'रन' नोंदी, स्टार्टअप फोल्डर, सर्व्हिसेस, शेड्यूल्ड टास्क म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, डब्ल्यूएमआय या विंडोजच्या व्यवस्थापन सेवेच्या नोंदी, सगळं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये यातला अगदी थोडा भाग दिसतो, आणि लोक तेवढंच बघून थांबतात.

उघडताना उजवी कळ दाबून 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करा. ऑप्शन्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, म्हणजे यादी आटोक्यात येईल. गुलाबी ओळ म्हणजे त्या फाइलवर प्रकाशकाची खातरजमा करणारी सही नाही. पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाइलच जागेवर नाही. गुलाबी दिसलं की व्हायरसच असं समजू नका, कित्येक प्रामाणिक छोटे प्रोग्रामही सहीविना असतात. आणि काहीही डिलीट करू नका. नुसती ओळीसमोरच्या चौकटीतली खूण काढलीत तरी ती गोष्ट उठायची थांबते, आणि चूक झाली तर खूण परत लावता येते.

प्रतिसाद २ – जुनीवही

इतकं कशाला? फॉरमॅट मारा, विंडोज नव्याने टाका, दोन तासांत मोकळे. मी गेली कित्येक वर्षं नातेवाइकांची मशीन दुरुस्त करतोय. व्हायरस शोधत बसण्यात तीन-तीन दिवस घालवले आणि शेवटी फॉरमॅटच केलं असं इतक्यांदा झालंय की आता मी शोधतच नाही.

प्रतिसाद ३ – कळफलक

जुनीवही, शेवटी कदाचित तुम्ही म्हणता तेच करावं लागेल, मी विरोधात नाही. पण आधी काय होतं ते कळायला हवं. आत शिरलेला नुसता जाहिराती दाखवणारा असेल तर गोष्ट वेगळी. पासवर्ड चोरणारा असेल तर फॉरमॅटने संगणक स्वच्छ होईल, पण जे चोरून नेलं ते चोराकडेच राहील. फॉरमॅट केल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि महिन्याभराने मेल खातं हातातून जातं. घाईने पुसलं की पुरावाही पुसला जातो, आणि मग नेमकं काय गेलं हे कधीच कळत नाही. तास-दोन तास बघण्यात घालवावेत, एवढंच माझं म्हणणं.

प्रतिसाद ४ – पिंपळपान

सापडलं! हात थरथरताहेत, पण सापडलं.

ऑटोरन्सच्या शेड्यूल्ड टास्कमध्ये एक नोंद होती. नाव अगदी सभ्य, एखाद्या ब्राउझरचं अपडेट वाटावं असं. पण समोरच्या रकान्यात प्रोग्रामच्या जागी पॉवरशेल (विंडोजमधलं आज्ञा चालवण्याचं साधन) होतं, त्यापुढे खिडकी लपवण्याची सूचना आणि मग इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची अर्थहीन लांबलचक रांग, संपता संपेना. टास्क शेड्यूलर उघडून बघितलं तर हे टास्क लॉगिनच्या वेळी आणि त्यानंतर दर तीस मिनिटांनी चालतंय.

दुसरी एक गुलाबी ओळ होती. अॅपडेटाच्या (प्रोग्राम आपली माहिती ठेवतात त्या जागेच्या) रोमिंग फोल्डरमध्ये काहीतरी अगम्य नावाचं फोल्डर आणि त्यात एसव्हीसीहोस्ट या विंडोजच्याच प्रोग्रामसारखं दिसणारं काहीतरी. नीट पाहिलं तर स्पेलिंगमधला 'सी' गायब. दोन वेळा वाचलं तेव्हा लक्षात आलं, इतकं सारखं दिसतं. त्या फोल्डरची तारीख मागच्या शनिवारची, रात्री ११ वाजून ४२ मिनिटांची.

दोन्हींची खूण काढली आहे. अजून काही पुसलेलं नाही. मला हे समजत नाही की फाइल अशी उघड्यावर पडलेली असताना स्कॅनला ती दिसली कशी नाही?

प्रतिसाद ५ – कळफलक

उत्तम काम केलंत. ती अर्थहीन रांग म्हणजे बेस-६४ मध्ये, म्हणजे मजकूर अक्षर-आकड्यांत बदलून लिहिण्याच्या एका पद्धतीत, गुंडाळलेली आज्ञा असते. त्यात बहुतेक वेळा 'अमुक पत्त्यावरून फाइल आण आणि चालव' एवढंच लिहिलेलं असतं. स्कॅनर आणलेली फाइल मारतो, पण पॉवरशेल हा विंडोजचाच भाग, त्यामुळे टास्क सुटून जातं आणि तीस मिनिटांनी ताजी फाइल येते.

खऱ्या एसव्हीसीहोस्टची जागा विंडोज फोल्डरातल्या सिस्टम३२ मध्ये आहे. त्या नावाचं काही अॅपडेटात दिसलं तर स्पेलिंग बरोबर असलं तरी ते खोटंच.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, माझा अंदाज आहे, तपासून सांगा. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी तळाशी एक्सक्लूजन्स. म्हणजे 'इथे बघू नकोस' अशी यादी. ती यादी रिकामी असायला हवी, तुम्ही स्वतः काही घातलं नसेल तर. अॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मिळालेला व्हायरस सगळ्यात आधी या यादीत स्वतःची जागा घालतो.

क्रोमच्या त्या 'संस्थे'चं वेगळं बघू. पत्त्याच्या पट्टीत क्रोम, मग विसर्गासारखे दोन टिंब, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असं इंग्रजीत टाइप करा. तिथे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) जबरदस्तीने बसवण्याची पॉलिसी, म्हणजे नियम, दिसेल आणि तिच्यासमोर बत्तीस अक्षरांची खूण असेल. क्रोमच्या प्रत्येक एक्स्टेन्शनची खूण बत्तीस अक्षरांचीच असते. पॉलिसीने बसवलेलं एक्स्टेन्शन नेहमीच्या पानावरून काढता येत नाही, तिथलं बटण निकामी झालेलं असतं. ते रजिस्ट्रीतून काढावं लागतं: एचकेएलएम, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. तसंच एचकेसीयूखालीही बघा. एचकेएलएम ही अख्ख्या मशीनची शाखा, एचकेसीयू तुमच्या लॉगिनची. हात लावण्याआधी ती की, म्हणजे तो कप्पा, एक्स्पोर्ट करून ठेवा.

प्रतिसाद ६ – पिंपळपान

एक्सक्लूजन्समध्ये एकच ओळ होती. सी ड्राइव्ह. अख्खा सी ड्राइव्ह!

म्हणजे मी आठवडाभर स्कॅन लावत होते आणि त्याला घरातल्या सगळ्या खोल्या वगळून फक्त अंगण बघायला सांगितलेलं होतं. आधी सापडलेलं काढलं की हिरवी खूण यायची, 'धोका नाही' असं लिहून यायचं, आणि मी निवांत व्हायचे.

आता ते कुठून आलं तेही कळलं. डाउनलोड्स फोल्डर तारखेप्रमाणे लावून शनिवारची रात्र बघितली. एक झिप फाइल. भाच्याला विचारलं. आधी काही बोलेना, मग रडायलाच लागला. एका खेळासाठी जास्तीच्या शक्ती देणारा काहीतरी प्रोग्राम त्याने एका व्हिडिओखालच्या लिंकवरून घेतला होता. तिथे सूचना होत्या: आधी अँटीव्हायरस बंद करा, मग हा पासवर्ड टाकून झिप उघडा, मग येणाऱ्या खिडकीत 'यस' दाबा. त्याने इमानेइतबारे तसंच केलं. गेले आठ दिवस हे त्याच्यामुळे झालंय हे त्याला माहीत होतं आणि तो गप्प होता. तो तेरा वर्षांचा आहे. त्याला ओरडले नाही, पण जवळ घेऊन काय सांगावं तेही सुचलं नाही.

प्रतिसाद ७ – चांदणवेल

ओरडला नाहीत हे फार बरं केलंत. तो बोलला म्हणून तुम्हाला तारीख आणि फाइल दोन्ही मिळालं. पुढच्या वेळी तो आठ दिवस थांबणार नाही, त्याच दिवशी येऊन सांगेल, आणि अशा बाबतीत पहिला तास फार मोलाचा असतो.

त्याला सांगण्यासारखं एक आहे. झिपला पासवर्ड का होता ते समजावा. पासवर्ड लावलेली झिप स्कॅनरला आतून बघता येत नाही, तेवढ्यासाठीच तो लावतात. आणि तो पासवर्ड शेजारीच लिहून दिलेला असतो! कुलूप लावायचं आणि किल्ली दारावरच टांगायची. ते कुलूप तुमच्यासाठी नसतंच, पहारेकऱ्यासाठी असतं. मुलांना हे लगेच पटतं.

आता मोठ्या माणसांचंही ऐका. मी चाळिशी पार केलेली, ऑफिसात दिवसभर संगणकावर काम करणारी, आणि मीही स्वतःच्या हाताने शिरकाव करू दिला होता. एक साधं माहितीचं पान उघडलं होतं. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' अशी चौकट आली, नेहमीसारखीच. टिचकी मारल्यावर तीन पायऱ्या: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. मी दाबलं. कळलंच नाही की त्या पानाने क्लिपबोर्डवर एक आज्ञा ठेवली होती आणि मी ती माझ्याच हाताने रन खिडकीत चिकटवून चालवली. या प्रकाराला क्लिकफिक्स म्हणतात, २०२४ पासून तो फार फोफावलाय. कुठलंही खरं पान तुम्हाला रन खिडकी उघडायला सांगत नाही.

दोन दिवसांनी माझ्या मेलवरून ओळखीच्या लोकांना पैशांची मागणी करणारी पत्रं गेली. ओटीपी लावलेला होता! तरीही. कारण चोराला लॉगिन करावंच लागलं नाही. आपण एकदा लॉगिन केलं की ब्राउझर एक कुकी जपून ठेवतो, 'ही बाई आधीच आत आली आहे' अशी चिठ्ठी. ती चिठ्ठी त्यांनी उचलली आणि आपल्या ब्राउझरमध्ये ठेवली. पासवर्ड नको, ओटीपी नको.

पिंपळपान, तुमच्या मशीनवर क्रोममध्ये पासवर्ड जतन केलेले होते का?

प्रतिसाद ८ – पिंपळपान

हो. सगळे. माझे आणि बाबांचेही. बँकेचा नाही, पण मेल, वीजबिल, बाबांचं पेन्शनचं खातं, खरेदीच्या साइट्स, सगळं. आता मला खरोखर भीती वाटते आहे. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद ९ – कळफलक

आजच, आत्ताच, आणि स्वच्छ फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून.

पहिला मेल. बाकी प्रत्येक खात्याची 'पासवर्ड विसरलो' ही चिठ्ठी मेलवरच येते, म्हणून ज्याच्याकडे मेल त्याच्याकडे सगळं. पासवर्ड बदला आणि लगेच सुरक्षेच्या पानावर जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. नुसता पासवर्ड बदलून चोरलेलं सेशन सगळीकडे मरतंच असं नाही. मग रिकव्हरीचा फोन आणि पत्ता तुमचाच आहे ना ते बघा. मग, आणि हे लोक हमखास विसरतात, मेलच्या सेटिंग्जमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा. आत आलेला माणूस तिथे नियम लावून जातो, आणि पासवर्ड बदलला तरी नियम चालूच राहतो.

त्यानंतर बाबांचं पेन्शनचं खातं आणि ज्या ठिकाणी पैसे किंवा कार्ड जतन आहे ती सगळी. कार्ड ब्राउझरमध्ये ठेवलं असेल तर बँकेला कळवून ते बंद करून नवीन मागवा. बाकी साइट्स उद्या झाल्या तरी चालतील. दोन ठिकाणी एकच पासवर्ड असेल तर मात्र दोन्ही आजच.

हे चोर नेमकं काय करतात ते सांगतो, म्हणजे घाबरण्यापेक्षा कृती होईल. यांना इन्फोस्टीलर म्हणतात. रेडलाइन २०२० पासून गाजला, नंतर लुमा. ते आत बसून राहतातच असं नाही. ब्राउझरमधले पासवर्ड, कुकी, कार्डं, डेस्कटॉपवरच्या फायली गोळा करायच्या, गठ्ठा बांधून पाठवायचा आणि बऱ्याचदा स्वतःला पुसून टाकायचं. काम मिनिटाभरात होतं. ब्राउझर पासवर्ड गुप्त स्वरूपात ठेवतो हे खरं, पण ते तुमच्या विंडोज लॉगिनच्या किल्लीने उघडतात, आणि तुमच्याच लॉगिनखाली चाललेल्या प्रोग्रामला ती किल्ली मागता येते. क्रोमने जुलै २०२४ मध्ये १२७ व्या आवृत्तीत कुकींसाठी आणखी एक कुलूप लावलं, पण काही महिन्यांतच चोरांनी त्यातून वाटा काढल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलिसांनी रेडलाइनचं जाळं तोडलं, मे २०२५ मध्ये लुमाचं. तरी त्यांच्या जागी दुसरे येतच राहतात.

तुमच्याकडे नाणी काढणारा होता हे दिसलं. चोरणाराही होता का हे सिद्ध करता येणार नाही. पण असे प्रोग्राम जोडीने येतात, म्हणून होता असंच धरून चाला.

प्रतिसाद १० – अंगणवारा

धाग्यात मध्येच विचारतोय, माफ करा. माझ्या पेनड्राइव्हवरचे सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, प्रत्येक एक-एक केबीचा. डेटा गेला का?

प्रतिसाद ११ – कळफलक

नाही गेला. शॉर्टकटवर टिचकी मारू नका, तेवढं पाळा. खरे फोल्डर तिथेच आहेत, त्यांना लपवून 'सिस्टम फाइल' अशी खूण लावली आहे. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फायली दाखवा आणि 'संरक्षित सिस्टम फायली लपवा' ही खूण काढा, फोल्डर दिसतील. डेटा उचला, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि ज्या मशीनमध्ये तो लावला होता ते स्कॅन करा.

पूर्वी पेनड्राइव्ह खोचल्याबरोबर व्हायरस आपोआप चालायचा. विंडोज ७ मध्ये ते बंद झालं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजलाही तसं अपडेट मिळालं. तेव्हापासून व्हायरसला तुमची टिचकी लागते, म्हणून तो फोल्डरचं सोंग घेतो.

प्रतिसाद १२ – सांजसावली

मलाही कोपऱ्यात सारखं 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' असं येतं, वर एका अँटीव्हायरसचं चित्र. स्कॅनमध्ये काहीच निघत नाही.

प्रतिसाद १३ – चांदणवेल

ते बहुतेक ब्राउझरचं नोटिफिकेशन असतं. कुठल्यातरी साइटला तुमच्याकडून 'अलाउ' दाबलं गेलंय. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी बघा, अनोळखी साइट्स काढून टाका, थांबेल. त्यावर टिचकी मारू नका, आणि त्यात फोन नंबर दिला असेल तर अजिबात फोन करू नका. पलीकडचा माणूस 'दुरुस्त करतो' म्हणून तुमचा पडदा ताब्यात घेतो, आणि खरी लूट तिथून सुरू होते.

प्रतिसाद १४ – जुनीवही

कळफलक, मागचा सगळा धागा वाचला. माझा मुद्दा अर्धवट होता हे मान्य. इतक्या वर्षांत मी कुणालाही 'मेलचे फिल्टर बघा' असं सांगितलं नव्हतं. मशीन स्वच्छ करून दिलं की माझं काम झालं असं समजायचो. आता दोन-तीन जणांना फोन करून सांगतो.

फोटोंबद्दल मी सांगतो, ते मला जमतं. पिंपळपान, मशीन नेटला न जोडता सुरू करा आणि नवीन किंवा रिकाम्या बाहेरच्या ड्राइव्हवर फक्त फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं उचला. अख्खं युजर फोल्डर उचलू नका, अॅपडेटा त्यातच येतो. इन्स्टॉलर, झिप, शॉर्टकट, स्क्रिप्ट, काहीच घेऊ नका. आधी फाइल एक्सप्लोररमध्ये फायलींची एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटची, प्रकार सांगणारी अक्षरं) दाखवायला लावा. ते बंद असलं की फोटोचं नाव आणि चित्र घेतलेली ईएक्सई फाइल फोटोसारखीच दिसते. उचलून झाल्यावर फोटो मोजा आणि आठ-दहा उघडून बघा, वेगवेगळ्या वर्षांचे. मगच पुढचं.

आणि हो, बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की आधी मिळवून ठेवा. विंडोज ११ मध्ये डिस्क बरेचदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, आणि सेफ मोडमध्ये किंवा बाहेरून सुरू करताना की मागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन असेल तर ती त्या खात्यात जतन असते. माझ्या मेहुण्याचे फोटो एकदा याच पायरीवर जाता जाता वाचले.

प्रतिसाद १५ – पिंपळपान

मेलमध्ये फिल्टर सापडला.

माझ्या नाही, बाबांच्या. मी लावलेला नाही आणि बाबांना फिल्टर म्हणजे काय हेही माहीत नाही. ज्या पत्रांमध्ये 'सुरक्षा' किंवा 'पासवर्ड' अर्थाचे इंग्रजी शब्द असतील ती वाचलेली म्हणून खूण करून थेट कचऱ्यात. कचरापेटी उघडली तर तिथे पाच पत्रं. नव्या उपकरणावरून लॉगिन झालं आहे, हे तुम्हीच का, असं विचारणारी. मंगळवारपासूनची. ती बाबांपर्यंत पोचलीच नव्हती.

फिल्टर काढला, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट केलं, पासवर्ड बदलला, ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अॅप लावलं. पेन्शनच्या खात्यात काही हललेलं नाही, तरी बाबांनी फोन करून कळवलं आणि तिथला पासवर्डही बदलला. माझ्या मेलमध्ये काही दिसलं नाही, पण तीच सगळी पायरी केली.

जुनीवही, फोटो उचलले. अकरा हजार आठशे काही. मोजले.

आता एकच प्रश्न. टास्क काढलं, एक्सक्लूजन काढलं, रजिस्ट्रीतली क्रोमची की काढली. दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर उतरवून पेनड्राइव्हने आणून चालवला, त्याला आणखी तीन फायली सापडल्या. मग डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन केला, तो स्वच्छ आला. पंखा शांत आहे. काळी खिडकी येत नाही. एवढ्यावर थांबू का?

प्रतिसाद १६ – कळफलक

माझं उत्तर: नाही. आता जुनीवहींचं ऐका.

सेफ्टी स्कॅनर आणलात ते योग्य. त्याच्यात व्हायरसांची ताजी ओळख बरोबरच येते, म्हणून नेट नसलं तरी काम करतो. दहा दिवसांनी तो बाद होतो, पुन्हा लागला तर नवा उतरवा. ऑफलाइन स्कॅन विंडोज सुरू होण्याआधी चालतो, तेव्हा व्हायरस जागा नसतो, म्हणून त्याच्या 'स्वच्छ' म्हणण्याला वजन आहे.

पण भाच्याने त्या खिडकीत 'यस' दाबलं होतं. त्या क्षणी त्या प्रोग्रामला अॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मिळाला, आणि त्यानंतर आठ दिवस दर तीस मिनिटांनी बाहेरून काहीतरी येत होतं. काय काय आलं हे आपल्याला माहीत नाही. जे सापडलं ते काढलं. सापडलं नाही त्याच्याबद्दल मी कुणालाही शब्द देणार नाही, विशेषतः ज्या मशीनवर वडील पेन्शनचं खातं उघडणार आहेत त्या मशीनबद्दल. नुसत्या जाहिरातींचा प्रकार असता, अॅडमिनचा अधिकार गेलेला नसता, तर इथेच थांबा म्हटलं असतं.

दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. रोगट मशीनवर तो तयार करू नका. त्यावरून सुरू करून मुख्य डिस्कवरचे सगळे भाग पुसा आणि विंडोज नव्याने टाका. फोटोंची ड्राइव्ह त्या वेळी जोडलेली नको. चुकून तीच पुसल्याची उदाहरणं आहेत. आधीचं विंडोज अॅक्टिव्हेट झालेलं असेल तर त्याच मशीनवर, त्याच एडिशनचं टाकल्यावर पुन्हा प्रॉडक्ट की टाकावी लागत नाही.

प्रतिसाद १७ – पिंपळपान

झालं. काल संध्याकाळी बसलो, भाचा शेजारी होता. पेनड्राइव्ह त्यानेच तयार केला, डिस्कचे भाग पुसण्याआधी त्याने मला दोनदा विचारलं, 'मावशी, फोटोंची ड्राइव्ह काढली आहे ना?'

आता तिघांची तीन लॉगिन आहेत. शिवाय अॅडमिनिस्ट्रेटरचं वेगळं, त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. बाबा, भाचा आणि रोजच्या वापरात मी स्वतःसुद्धा साध्या खात्यात. साध्या खात्यातून काही बसवायचं म्हटलं की पासवर्ड मागतो, म्हणजे कुणालातरी हाक मारावीच लागते. क्रोममध्ये आता एकही पासवर्ड जतन नाही, वेगळा पासवर्ड मॅनेजर लावला.

फोटो परत आणण्याआधी ती ड्राइव्ह नव्या विंडोजवर स्कॅन केली, काही नाही. आईच्या फोटोंची एक प्रत संगणकावर, एक त्या ड्राइव्हवर कपाटात, काढून ठेवलेली. तिसरी क्लाउडवर चढते आहे, निम्मी झाली.

प्रतिसाद १८ – जुनीवही

कपाटातली ड्राइव्ह दर दोन-तीन महिन्यांनी जोडून उघडून बघत जा. आणि नव्या विंडोजवर एक्सक्लूजन्सची यादी आत्ताच एकदा बघून ठेवा, रिकामी आहे ना ते.

प्रतिसाद १९ – पिंपळपान

बघितली. रिकामी आहे.